मागाहून वाढलेले ताट : स्त्रियांचे नैराश्य आणि जेवण या अभ्यासाची प्रस्तावना

मराठीत मन बिघडल्याची बातमी बहुतेक वेळा जेवणाच्या भाषेत येते. "जेवण जात नाही", "तोंडाला चव नाही", "घास घशाखाली उतरत नाही", "अन्न गोड लागत नाही". वसई-विरारमध्ये आगाशीपासून नायगावपर्यंत कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसले तर यातले एखादे वाक्य कानावर पडतेच. ऐकणारा बहुधा पोट तपासतो, आम्लपित्ताची गोळी आणि टॉनिकची बाटली लिहून देतो. सांगणारीलाही त्यात वावगे वाटत नाही, कारण तक्रार तिने पोटाचीच केलेली असते. "मला उदास वाटते" असे म्हणत येणारी बाई विरळा. "अशक्तपणा आलाय" म्हणत येणाऱ्या पुष्कळ.

हे वाक्य पोटाचे की मनाचे, या प्रश्नापाशी एक अख्खे अभ्यासक्षेत्र उभे आहे. मानसशास्त्र, आहारशास्त्र, स्त्री-अभ्यास आणि सार्वजनिक आरोग्य अशा चार वाटा तिथे एकत्र येतात. त्यामुळे कोणा एकाच विद्याशाखेचे ते घर नाही, आणि म्हणूनच नव्या माणसाला आत यायला जागा आहे. वर्तक, गोन्सालो गार्सिया किंवा विवा महाविद्यालयात शिकणारी विद्यार्थिनी, पाड्यावर फिरणारी आशाताई, अंगणवाडीसेविका, रोज शंभर रुग्ण पाहणारा डॉक्टर, यांच्यासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. यांपैकी काहीच नसून रोज पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या वाचकासाठीही ती आहे. या विषयातली सगळ्यात मोठी साक्ष त्याच वाचकाकडे असते.

सुरुवात एका शब्दापासून करू. या क्षेत्रात "आहाराच्या सवयी" हा शब्दप्रयोग सर्रास चालतो. सवय म्हटले की ती ज्याची त्याने लावून घेतलेली असते, आणि मनावर घेतले तर सोडता येते, असा अर्थ आपोआप चिकटतो. पुरुषाच्या चहातल्या साखरेला हा शब्द शोभतो. पण घरातले सगळे जेवून उठल्यावर कढईला लागलेली भाजी पोळीने पुसून खाणे, ही त्या बाईची सवय म्हणायची की घराची रीत? आमटी उरली नाही म्हणून चहात बुडवून भाकरी खाणे ही आवड म्हणायची की हिशेब? ताटात काय पडते हे जिच्या हाती नाही तिच्या ताटाला "सवय" म्हणणे म्हणजे दोष आधीच ठरवून चौकशी सुरू करणे. म्हणून बाईने काय खाल्ले हा या अभ्यासातला पहिला प्रश्न असला तरी तो अपुरा आहे. कधी खाल्ले, कोणाच्या मागून खाल्ले आणि कोणाबरोबर खाल्ले, हे तीन प्रश्न जोडल्याशिवाय त्याचे उत्तर वाचता येत नाही.

आता शास्त्राकडे. नैराश्य आणि भूक यांच्यातला रस्ता दोन्ही बाजूंनी चालू असतो. नैराश्याची चाचपणी करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत पाचवा प्रश्न भुकेचा आहे: भूक कमी झाली आहे का, किंवा जास्त खाल्ले जाते का? दोन उलट्या गोष्टी एकाच प्रश्नात का, असे विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर असे की नैराश्य दोन्ही रूपांत येते. एकीची भूक मरते, झोप उडते, वजन उतरते. दुसरी सारखी झोपते, गोड आणि पिठूळ पदार्थांकडे ओढली जाते आणि तिचे वजन वाढते. हे दुसरे रूप स्त्रियांत जास्त आढळते आणि तेच घरात कोणाला पटत नाही. "खाते-पिते, अंगाने भरलीय, हिला कसले डिप्रेशन?" हे वाक्य ऐकलेल्या बायका कमी नाहीत. त्यात थायरॉइडचे काम मंदावले तरी वजन वाढते, थकवा येतो, मन खिन्न होते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी भूक खवळते, काहींनी सुरुवातीला मंदावते, आणि वाढत्या वजनाला घाबरून कित्येक जणी गोळ्याच बंद करतात. म्हणजे ताटाकडे पाहून मनाचे निदान करता येत नाही. ताट इतकेच सांगते की इथे थांबून विचारा.

रस्त्याची दुसरी बाजू अन्नाकडून मनाकडे जाते. तिचा सगळ्यात स्पष्ट पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपासमार झालेल्या माणसांना पुन्हा खाऊ कसे घालावे, हे त्यांना शोधायचे होते. सापडले ते वेगळेच. हे तरुण खिन्न झाले, चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नच घोळू लागले, काहींनी तर पाककृतींची पुस्तके जमवली. सुरुवातीला त्यांच्या मनाला काही झालेले नव्हते, कमी पडले होते ते फक्त अन्न. या प्रयोगात एकही स्त्री नव्हती, हेही लक्षात ठेवण्याजोगे. अर्धपोटी राहण्याने मनाचे काय होते हे जगाला पुरुषांवरून कळले. तोवर आणि त्यानंतरही अर्धपोटी राहण्याचा रोजचा अनुभव होता तो बायकांना.

स्त्रियांवरचा नावाजलेला अभ्यास त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. ऑस्ट्रेलियाच्या फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी २० ते ९३ वयाच्या १,०४६ स्त्रियांचा आहार आणि मन यांची सांगड तपासली आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. भाज्या, फळे, मासे, मांस, अख्खी धान्ये असे जुन्या वळणाचे जेवण असणाऱ्यांत नैराश्य आणि चिंताविकार कमी दिसले. तळलेले, साखरेचे, मैद्याचे, कारखान्यात तयार झालेले अन्न जास्त खाणाऱ्यांत मानसिक त्रासाची लक्षणे जास्त दिसली. पण सोबत दिसणे म्हणजे कारण असणे नव्हे. खिन्न बाई स्वयंपाक टाळून बिस्किटांवर भागवत असेल, तर आधी काय आले?

म्हणून याच चमूने पुढे प्रत्यक्ष प्रयोग केला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ६७ जणांपैकी निम्म्यांना आहारतज्ज्ञाबरोबर सात बैठका मिळाल्या, निम्म्यांना तितकाच वेळ गप्पांची सोबत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बारा आठवड्यांनी आहाराच्या गटातले ३२ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, गप्पांच्या गटातले ८ टक्के. आकडे मोहात पाडणारे आहेत, पण माणसे थोडी होती आणि आपण कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते. दोनच वर्षांनी युरोपातल्या चार देशांत १,०२५ जादा वजनाच्या लोकांवर वर्षभर झालेल्या मोठ्या प्रयोगात पोषक गोळ्यांनी किंवा आहारविषयक समुपदेशनाने नैराश्य टाळता आले नाही. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १८ हजारांहून अधिक लोकांना काही वर्षे ड जीवनसत्त्व देऊनही नैराश्याचे प्रमाण घटले नाही. एवढ्यावरून काढता येणारा निष्कर्ष माफक आहे: चांगल्या जेवणाची मनाला मदत होते, बाटलीतल्या एकेकट्या जीवनसत्त्वाकडून ती अपेक्षा ठेवू नये, आणि आहार हा औषध किंवा समुपदेशन यांच्या जागी बसत नाही, त्यांच्या शेजारी बसतो. जिथे कमतरता खरोखर आहे, उदाहरणार्थ ब-१२ किंवा लोह, तिथे तपासून ती भरून काढणे ही वेगळी आणि आवश्यक गोष्ट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत सुमारे पाचातली एक बाई कमी वजनाची होती आणि पाचातल्या एकीहून थोड्या जास्त जणी जादा वजनाच्या. एकाच राज्यात, कधी एकाच इमारतीत, दोन्ही टोके नांदतात.

इथवरचा प्रवास "काय खाल्ले" या प्रश्नाचा होता. "कोणाच्या मागून" हा प्रश्न आपल्या घरातून आला. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशातल्या सुमारे पाव घरांत बायकांनी पुरुषांनंतर जेवायचे अशी रीत आढळली. पायल हाथी, डायान कॉफी आणि सहकाऱ्यांनी पुढचा प्रश्न विचारला: या रीतीचा बाईच्या मनाशी काही संबंध आहे का? त्यांनी २०१८ मध्ये बिहार, झारखंड आणि आपल्या महाराष्ट्रात १८ ते ६५ वयाच्या स्त्रियांची फोनवरून पाहणी केली. शेवटी जेवणाऱ्या स्त्रियांचे मानसिक स्वास्थ्य अधिक खालावलेले दिसले, आणि घरची आर्थिक परिस्थिती हिशेबात धरूनही हा फरक उरला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखात त्यांनी दोन शक्यता मांडल्या. शेवटी जेवणारीच्या वाट्याला कमी आणि कमी कसाचे अन्न येऊन शरीर खंगते, ही एक. शेवटी जेवणे हे घरात आपल्या शब्दाला किंमत नसल्याचे रोजचे स्मरण असते, ही दुसरी. दोन्ही एकत्रही असू शकतात. सवय या शब्दावर सुरुवातीला घेतलेली शंका इथे आकड्यांत उतरलेली दिसते.

शेजारच्या गोव्याने या क्षेत्राला आणखी मोठे देणे दिले आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथे सुमारे अडीच हजार स्त्रियांना थकव्याबद्दल विचारले. बारा टक्के जणींना सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थकव्याचा संबंध हिमोग्लोबिनशी लागला नाही. तो लागला मनाच्या त्रासाशी, कर्जाशी, गेल्या तीन महिन्यांत सोसलेल्या भुकेशी आणि नवऱ्याच्या अत्याचाराशी. "अशक्तपणा आलाय" या वाक्यात काय काय भरलेले असते, याची ही मोजदाद म्हणता येईल. रक्तक्षयाच्या गोळ्या द्यायच्याच, पण गोळी दिली म्हणजे वाक्य ऐकून झाले असे समजायचे नाही.

गोव्यातच बाळंतिणींवरही अभ्यास झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या, आणि गरिबी, नवऱ्याशी बिनसलेले नाते, मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्यात मोठा वाटा होता. पुढच्या अभ्यासात असे दिसले की नैराश्यातल्या मातांची बाळे सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाने आणि उंचीने मागे पडली होती. आईचे मन बाळाच्या वाटीपर्यंत पोचते ते असे. या ठिकाणी आपल्या एका रीतीचा विचार करावासा वाटतो. "तुला काय खावेसे वाटते?" हे बाईला हक्काने विचारण्याचा आपल्याकडे एकच काळ ठरलेला आहे, तो म्हणजे डोहाळे. मग डोहाळजेवण, मग डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, आणि सव्वा महिना झाला की ताट पुन्हा मागे. शिवाय त्या सव्वा महिन्यातले लाडूही बाळ अंगावर पिते म्हणून असतात. बाईच्या भुकेला स्वतःचे असे कारण क्वचितच मिळते.

हे सगळे वसई-विरारमध्ये का अभ्यासावे? कारण एका तालुक्याच्या अंतरात इथे इतक्या तऱ्हांची ताटे सापडतात. रेल्वेच्या पश्चिमेला गास, निर्मळ, वाघोली, आगाशी इथल्या वाड्या आणि बावखले, केळी, भाजी, फुले. राजेळीची सुकेळी उन्हात वाळवणारे हात बायकांचेच. अर्नाळा आणि पाचूबंदरला कोळीवाडे, जिथे पापलेट बाजारात जाते आणि घरात मांदेली किंवा सुके बोंबील शिजतात. पूर्वेला आदिवासी पाडे. आणि मधोमध नालासोपारा-विरारच्या इमारती. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून २००९ मध्ये महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर होती, आणि २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा तिच्या पाठीशी आला. त्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाडा आहे, जिथे कुपोषण हा शब्द वर्तमानपत्रांना पाठ झालेला आहे. आदिवासी भागांतल्या गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक पूर्ण गरम जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ मध्ये सुरू केली. तिथे बाईसाठी म्हणून एक ताट वेगळे वाढले जाते, एवढ्यानेही अभ्यासकाने थांबून पाहावे.

"कधी" हा प्रश्न विरार लोकलशिवाय सुटत नाही. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. नऊला कामावर हजर व्हायचे तर सगळ्यांचे डबे पहाटे भरायचे, आपला नाश्ता फलाटावरच्या चहा-खारीवर आणि रात्रीचे जेवण दहानंतर. अवेळी जेवण्याचा मनावर परिणाम होतो का, हे तपासणारा एक प्रयोग २०२२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रात्रपाळीसारख्या स्थितीत ठेवलेल्यांपैकी जे रात्रीही जेवले त्यांचे मन खालावले, फक्त दिवसा जेवले त्यांचे नाही. पण त्यात माणसे होती अवघी १९. लोकलच्या बायकांचे घड्याळ त्याहून गुंतागुंतीचे आहे आणि ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही, पासधारक विद्यार्थिनी पुरते.

त्याच डब्यात "कोणाबरोबर" या प्रश्नाचे उत्तरही बसलेले असते. भाजी निवडत, मटार सोलत जाणाऱ्या बायका सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्याच बायका डब्यातला घास वाटून खातात, नवरात्रात एका रंगाच्या साड्या नेसतात, कोणाचे डोहाळजेवणही तिथेच उरकतात. घरी सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई लोकलमध्ये मात्र बरोबरीने खाते. याच्या उलट टोकाला वाडीतली एकटी राहणारी म्हातारी. मुले परदेशी किंवा फ्लॅटमध्ये, आणि "एकटीसाठी काय करत बसायचे?" म्हणून चूल थंड. जपान आणि दक्षिण कोरियातल्या पाहण्यांत एकट्याने जेवणे आणि नैराश्याची लक्षणे यांची सोबत दिसली आहे. वसईच्या वाड्यांत हे कोणीतरी विचारून पाहायला हवे.

विचारताना एक खाचखळगा सांभाळायचा. आपल्याकडे न जेवण्याला प्रतिष्ठा आहे. हरताळका, नवरात्र, संकष्टी, आणि ख्रिस्ती घरांत उपवासकाळ. श्रद्धेने केलेल्या उपासाला आजार ठरवणे हा उद्धटपणा होईल. पण भूक मेलेल्या बाईला न जेवण्याचे सगळ्यांत सोपे, कोणी उलट प्रश्न न करणारे कारणही तेच असते: "आज माझा उपास आहे." नेमाचे उपास किती आणि अलीकडे वाढलेले किती, उपास सुटल्यावर जेवावेसे वाटते का, असे हळुवार प्रश्न इथे कामी येतात. प्रश्न सासूसमोर विचारायचे नाहीत, हेही शिकवावे लागते.

दुसरी सावधगिरी उपदेशाची. "नीट जेव, बरे वाटेल" हा सल्ला आजारी माणसाला शेजारच्याने दिला तर माया असते. पण इथे जिला तो दिला जातो, स्वयंपाकही तिनेच करायचा असतो. नैराश्यात अंथरुणातून उठणे जड जाते, तिथे पाच जणांसाठी पौष्टिक थाळी रांधायला सांगणे म्हणजे आजारावर काम लादणे. आहाराचा सल्ला घराला द्यावा, एकट्या बाईला नव्हे. गोव्यातल्याच २०१७ च्या एका प्रयोगात प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. मन उभारी धरेल अशी छोटी छोटी कामे पुन्हा हाती घ्यायला शिकवणे, हा त्या भेटींचा गाभा होता. तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के नैराश्यातून सावरले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांतले ३९ टक्के. कोणासोबत बसून एक आवडता पदार्थ खाणे हेही असे एक छोटे काम होऊ शकते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य असलेल्या जवळपास ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा देशात हे काम फक्त मनोविकारतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही. मात्र जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलली, किंवा अन्नपाणी तुटले, तर तिथे आहारचर्चा थांबवून तिला डॉक्टरकडे न्यायचे. २०२२ पासून चालू असलेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याला मोठी साधने लागत नाहीत. पहिला पाठ घरीच करता येईल. एक वही घ्या आणि सात दिवस फक्त चार गोष्टी लिहा: घरातली बाई काय जेवली, किती वाजता, कोणाच्या मागून आणि कोणाबरोबर. आठव्या दिवशी वही मिटा आणि तिच्याआधी तिचे ताट वाढा. ती काय म्हणते ते लिहून ठेवा.